रोलर ओढणारा बाळू

भातकापणी झाली की आपल्या कामणच्या परिसरात दोन गोष्टींचा सीझन सुरू होतो, लग्नांचा आणि टुर्नामेंटचा. रिकाम्या झालेल्या शेतात कुणीतरी फावडं घेऊन ढेकळं फोडतं, पाणी मारतं, रोलर फिरवतं, उन्हात वाळू देतं आणि परत पाणी मारतं. आठवडाभर हे चालतं. मग रविवारी मंडप, स्पीकर, यूट्यूबवर लाईव्ह आणि घसा बसेपर्यंत ओरडणारा कॉमेंटेटर. चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरचे काही ड्रायव्हरसुद्धा गाडी बाजूला लावून दोन ओव्हर बघून जातात. मॅन ऑफ द सिरीज कोण झाला, हे तुम्हाला पुढच्या वर्षीपर्यंत आठवतं. पिच कुणी बनवलं होतं, ते आठवतं का? मला तर कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मग मी बाळू पालवणकर यांच्याबद्दल वाचलं. नाव ऐकलंय? मी मित्रांच्या ग्रुपवर टाकून बघितलं, तर बहुतेकांचं उत्तर ‘लगान’मधल्या कचऱ्यापाशी जाऊन थांबलं. अस्पृश्य मानला गेलेला, हातात जादू असलेला स्पिनर. ती गोष्ट सिनेमाची आहे. बाळूंची खरी आहे, आणि सिनेमापेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे. ती सुरू होते रोलरपासूनच.

बाळूंचा जन्म 1875-76 च्या सुमाराला धारवाडला झाला. घराणं मूळचं कोकणातलं, पालवण गावचं, म्हणून पालवणकर. जात चांभार. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्यात आलं. छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळायचे आणि जुन्या झालेल्या बॅटी, फाटके बॉल टाकून द्यायचे. बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम यांची शाळा म्हणा, अकॅडमी म्हणा, ती एवढीच. घरच्या परिस्थितीमुळे खरी शाळा लवकर सुटली. बाळूला पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबवर, पिच झाडायची आणि रोलर फिरवायची. पगार महिना तीन रुपये.

आता इथे जरा थांबून मुंबईकडे बघायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. हिंदुस्थानात क्रिकेट इंग्रजांनी आणलं, पण इथल्या लोकांना शिकवायला म्हणून आणलं नव्हतं. ते आपापसात खेळायचे आणि आपले लोक कडेला उभे राहून बघायचे. बघता बघता आधी पारशी शिकले. 1848 मध्ये त्यांनी मुंबईत ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. त्यांच्या मागोमाग हिंदू आले, मग मुसलमान. प्रत्येकाचा क्लब वेगळा, आणि हिंदूंमध्ये तर पोटजातीनुसार आणि भाषेनुसार आणखी वेगळे. पुढे पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि 1894 मध्ये पी. जे. हिंदू जिमखाना उभा राहिला. थोडक्यात काय, तुमचा धर्म कोणता यावर तुमची टीम ठरायची. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाची मात्र यातली कुठलीच टीम नव्हती. तो हिंदूंमध्ये मोजला जायचा, पण हिंदूंच्या पंगतीत बसू शकत नव्हता.

1892 मध्ये बाळूने पारशांची नोकरी सोडली आणि पूना क्लबवर लागला. हा गोऱ्यांचा क्लब. पगारात एक रुपयाची वाढ, म्हणजे चार रुपये. कामं तीच आणि वर आणखी काही: नेट बांधायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, टेनिस कोर्ट आखायचं. एके दिवशी तिथल्या एका साहेबाने त्याला नेटमध्ये बॉल टाकायला सांगितलं. बाळू डावखुरा. हळू टाकायचा, पण बॉल दोन्हीकडे वळवायचा, उंची बदलायचा, वेग चोरायचा. साहेब लोक चकित झाले. त्यांच्यातला सगळ्यात चांगला बॅट्समन होता कॅप्टन ग्रेग. तो लवकर येऊन एकटा बाळूचे बॉल खेळायचा आणि बाळूने आउट केलं की प्रत्येक वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. हिशोब करून बघा. आठ वेळा विकेट काढली की अख्ख्या महिन्याचा पगार सुटला.

हे वाचताना छान वाटतं, पण पुढची गोष्ट ऐका. इतकी वर्षं बाळूने तिथे शेकडो तास बोलिंग केली आणि त्याला बॅटिंग एकदाही दिली नाही. बॅटिंग साहेबांची, घाम काढायची बोलिंग नोकराची. आपल्या गल्लीतही लहान पोराला दिवसभर फिल्डिंगला लावतात आणि बॅटिंगची वेळ आली की अंधार पडतो. पण गल्लीतला पोरगा पुढच्या वर्षी मोठा होतो. जात मोठी होत नाही.

बाळूची कीर्ती गावभर झाली तेव्हा पुण्यातल्या हिंदू क्लबसमोर पेच पडला. त्यांना गोऱ्यांच्या क्लबला हरवायचं होतं, आणि गोऱ्यांच्या सगळ्या बॅट्समनना रोज बोलिंग टाकणारा, त्यांच्या खोडी पाठ असलेला माणूस शहरातच होता. पण तो चांभार. क्लबमध्ये दोन तट पडले. काही तेलुगू सदस्य बाळूच्या बाजूने होते, पुण्याच्या ब्राह्मणांपैकी बऱ्याच जणांचा विरोध होता. शेवटी जिंकायची इच्छा मोठी ठरली आणि बाळू टीममध्ये आले. (इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो करते. लिहिताना आपोआप झालं, आणि का झालं याचा मी नंतर विचार करत बसले.)

टीममध्ये आले म्हणजे काय झालं, तेही बघा. मैदानावर बॉल बाळूंच्या हातून विकेटकीपरच्या हातात जायचा, तिथून स्लिपमध्ये, तिथून परत बाळूंकडे. बॉल चामड्याचा. त्याचा कुणाला विटाळ झाला नाही. मग चहाची सुट्टी व्हायची. बाकीचे दहाजण पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे. बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर उभे, हातात मातीचं कुल्हड, पिऊन झालं की फेकून द्यायचं. जेवणाचं ताट वेगळं आणि टेबलही वेगळं. हातपाय धुवायचे तर अस्पृश्य मानला गेलेला एक नोकर बाहेर एका कोपऱ्यात पाणी ओतायचा. सुट्टी संपली की परत आत, परत बॉल हातात, परत विकेट आणि परत सगळ्यांच्या टाळ्या.

मला यातली सगळ्यात भयंकर गोष्ट ही वाटते की ते सगळं फारच व्यवस्थित होतं. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. नियम ठरलेले होते, टाईमटेबल ठरलेलं होतं.

पुण्याची ही टीम साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला गेली. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तिथल्या लोकांनी कित्येक दिवस पिचवर रोलर फिरवून ते दगडासारखं केलं होतं. आयुष्य रोलर ओढण्यात गेलेल्या माणसाला पिच वाचता येणार नाही असं त्यांना वाटलं असेल! बाळूंनी सात विकेट काढल्या. पुण्यात आल्यावर सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचं जाहीर कौतुक केलं आणि ज्याच्याबरोबर खेळायला चालतं त्याच्याबरोबर जेवायलाही चाललं पाहिजे, असं क्लबच्या लोकांना सुनावलं. रानडे एवढ्या मोठ्या अधिकाराचे, तरी कपबशा लगेच बदलल्या नाहीत.

1896 च्या आसपास बाळू मुंबईत आले. काही काळ लष्करात होते, मग बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत लागले आणि त्यांच्या टीमकडून खेळले. ही बी. बी. अँड सी. आय. म्हणजे आपलीच वेस्टर्न लाईन हां. आपण आज ज्या लोकलला लटकतो तिचीच आजी. हिंदू जिमखान्यात बाळूंना घ्यायचं म्हटल्यावर तिथेही आधी कुरकुर झाली, पण कॅप्टन कीर्तिकरांनी लावून धरलं आणि बाळू आत गेले. मागोमाग शिवराम आले. नंतर गणपत आणि विठ्ठल. चार भाऊ, चौघेही क्रिकेटर.

फेब्रुवारी 1906. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ तापलेली होती, त्यामुळे मॅच नुसती मॅच राहिली नव्हती. हिंदूंनी 242 आणि 160 केले, गोऱ्यांनी 191 आणि 102. हिंदू 109 रनांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ विकेट काढल्या. राज्य करणारे हरले आणि हरवणाऱ्यांत पालवणकरांचे दोन भाऊ होते. एव्हाना हिंदू जिमखान्यात बाळू आणि शिवराम इतरांबरोबर चहा-फराळ घेऊ लागले होते. सुधारणावादी वर्तमानपत्रांनी या गोष्टीकडे विजयाइतकंच लक्ष वेधलं.

साधारण याच काळात तिकडे अमेरिकेत काय चाललं होतं ते माहितीये? बेसबॉल. तो खेळ कुण्या एका लष्करी अधिकाऱ्याने एका खेडेगावात शोधून काढला, अशी गोड दंतकथा तिथे याच सुमाराला पसरली. खरी गोष्ट शहरातली आहे. न्यूयॉर्कचे कारकून, दुकानदार अशा पांढरपेशा लोकांनी 1845 मध्ये निकरबॉकर क्लब काढला आणि नियम लिहून काढले. क्लब म्हटला की आत कोण आणि बाहेर कोण, हे आलंच. 1884 मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा खेळाडू वरच्या लीगमध्ये खेळला, पण लवकरच काळ्यांना दारं बंद झाली. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं एवढंच. ती दारं उघडली 1947 मध्ये, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला तेव्हा.

म्हणजे बाळू त्याच्या चाळीस वर्षं आधी हे करून बसले होते. मग आपण अमेरिकेच्या पुढे होतो? मलाही आधी तसंच लिहायचा मोह झाला होता. पण जरा पुढे वाचा. बेसबॉलमध्ये काळा खेळाडू 1947 ला आला, आणि पहिला काळा मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, आला 1975 ला. मध्ये 28 वर्षं. खेळायला घेणं सोपं असतं, कारण जिंकायला विकेट लागतात. सूत्रं हातात देणं वेगळं. आपल्याकडेही तेच झालं.

त्याआधी इंग्लंड. 1911 मध्ये हिंदुस्थानची पहिली सर्वधर्मीय टीम इंग्लंडला गेली. कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय अवघं 19. महाराजांना पार्ट्यांतून फारशी फुरसत मिळाली नाही. टीम जास्त हरली, थोडी जिंकली. बाळूंची पस्तिशी आलेली, खांदा दुखत होता, तरी त्यांनी त्या दौऱ्यात 114 विकेट काढल्या. एकट्याने. लेस्टरशायरला हरवलं त्यात त्यांच्या 11. सॉमरसेटला हरवलं त्यात शिवरामचं नाबाद शतक. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या पिढीतल्या कितीतरी मुलांचे ते हिरो होते, आणि त्या मुलांमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे भीमराव आंबेडकरही होते.

आता कॅप्टनशिप. टीममधला सगळ्यात अनुभवी, सगळ्यात मोठा बोलर कोण, याबद्दल वाद नव्हता. कॅप्टन मात्र झाले एम. डी. पै. खुद्द पैंनीच 1913 मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा मान बाळूंना मिळायला हवा होता. पुढची सात वर्षं तो मिळाला नाही. 1920 च्या क्वाड्रँग्युलरला, म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन यांच्या स्पर्धेला, बाळूंना टीममधूनच वगळलं. पै आजारी होते. त्यांच्या जागी विठ्ठल सहज कॅप्टन झाला असता, पण त्याला ओलांडून पुण्याचे दि. ब. देवधर नेमले गेले. देवधर थोर खेळाडू, त्यांच्या नावाची ट्रॉफी तुम्हाला माहीत आहे. पण शिवराम आणि विठ्ठल यांनी ठरवलं, बस. दोघांनी टीममधून नावं मागे घेतली आणि आम्हाला जातीमुळे डावललं जातंय, हे उघडपणे लिहून दिलं.

1920 साली हे करायला काय लागलं असेल, याचा अंदाज आपल्याला येणार नाही. क्रिकेट हीच त्या घराची ओळख होती. ते सोडून बसले असते तर जायचं कुठे?

पण लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढच्या मॅचला पै बरे होऊन आले, दोघे भाऊ परतले, आणि बाळूंना टीममध्ये घेऊन उपकर्णधार केलं. मॅच चालू असताना पै काही वेळ मैदान सोडून गेले. मुद्दाम. तेवढा वेळ हिंदूंच्या टीमचे कॅप्टन बाळू होते. फिल्डिंग त्यांनी लावली. बोलर त्यांनी बदलले. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस. त्यानंतर त्यांचं मोठं क्रिकेट संपलंच: 33 फर्स्ट क्लास मॅच, 179 विकेट, सरासरी 15.21. ही सरासरी एकदा कुणा आजच्या स्पिनरच्या शेजारी ठेवून बघा. कसोटी मात्र एकही नाही, कारण हिंदुस्थान पहिली कसोटी खेळला तोवर 1932 साल उजाडलं होतं.

1923 मध्ये विठ्ठल हिंदूंचा कॅप्टन झाला. हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून नाचवलं. खांद्यावर! ज्याच्या भावाच्या कपाला हात लावत नव्हते, त्याला.

इथे गोष्ट संपवली तर ती मस्त संपते. सिनेमावाले इथेच संपवतील. पण बाळूंचं आयुष्य पुढे तीस-बत्तीस वर्षं चाललं आणि ते तुम्हाला सांगितलं नाही तर मी अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल.

बाळू राजकारणात आले. 1932 मध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत की नकोत, यावरून देश ढवळून निघाला. डॉ. आंबेडकर स्वतंत्र मतदारसंघांच्या बाजूने होते. गांधीजी त्याविरुद्ध येरवड्यात उपोषणाला बसले. बाळूंनी गांधीजींची बाजू घेतली. पुणे करारावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यात आंबेडकर आहेत आणि बाळूही आहेत. मग 1937 ची मुंबई विधानसभेची निवडणूक. आंबेडकरांसमोर काँग्रेसने कुणाला उभं केलं? बाळूंना. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. बाळू हरले.

ज्याला तरुणपणी हिरो मानलं, त्याच्याविरुद्धच निवडणूक लढवायची. आंबेडकरांना काय वाटलं असेल? आणि बाळूंना? काँग्रेसने त्यांचा उपयोग करून घेतला असं म्हणणारे आहेत, आणि मला स्वतःला त्यात तथ्य वाटतं. उमेदवार निवडताना विकेट काढणाऱ्याला पुढे करायची जुनी सवय इथेही दिसते. पण त्याच वेळी हेही खरं की बाळूंचा अनुभवच वेगळा होता. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं की कुल्हडाच्या जागी कप आला. वेळ लागला, पण आला. आतून ढकललं की दार उघडतं, यावर त्यांचा विश्वास बसला असेल तर त्यात नवल नाही. आंबेडकरांनी हिशोब दुसरा केला होता. एका दारासाठी अशी किती वर्षं लागणार, आणि ज्यांना फिरकी टाकता येत नाही त्यांनी काय करायचं? आज मला विचाराल तर मी आंबेडकरांच्या बाजूने उभी राहीन. बाळूंना खोटं पाडायला मात्र माझी जीभ रेटत नाही.

4 जुलै 1955 ला मुंबईत बाळू गेले. विठ्ठलने 1948 मध्ये मराठीत आपलं आत्मचरित्र लिहिलं, ‘माझे क्रीडा-जीवन’. बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवलं असतं तर, असं राहून राहून वाटतं. चहाच्या त्या सुट्टीत पॅव्हेलियनबाहेर उभं असताना ते आतल्या गप्पा ऐकत असतील, की पिचकडे बघत असतील?

पुढच्या वेळी मुंबईला निघालात की एक करा. कामण रोडहून मिळेल ती गाडी पकडा, नाहीतर रिक्षाने वसई गाठा, आणि चर्चगेट लोकलमध्ये उजव्या हाताची खिडकी मिळवा (मिळाली तर!). चर्नी रोड सोडलं की मरीन लाईन्सपर्यंत रुळांच्या आणि समुद्राच्या मध्ये हिरवी मैदानं लागतात. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना, अजून तशीच शेजारी शेजारी. गाडी दोन मिनिटांत पुढे जाते. सकाळची वेळ असेल तर नेट लागलेलं असतं आणि एखादा माणूस वाकून रोलर ओढत असतो.